शेवटच्या सहा ओळी

बातमी आली तेव्हा मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून सुंभ वळत होतो. फोन सुनेच्या मोबाइलवर आला. ती आतून बाहेर आली, फोन तसाच कानाला, आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी विचारलं, कोण गेलं? आमच्या वयाला फोन आला की माणूस असंच विचारतो. तिने फोन खाली घेतला आणि म्हणाली, "आबा, आग्नेसबाई गेल्या." हातातला पीळ अर्धा होता, तो पुरा केला, गाठ मारली आणि मग उठलो. आमच्या पडवीत खुंटीला एक दोरी टांगलेली आहे. गाठी मारलेली, गाठीगाठीला लाल लोकरीचा धागा. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि नजर तिथेच गेली...

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. माझी शाळा तिसरीपर्यंतची. अक्षर चिऱ्यासारखं, चौकोनी, एकाला एक न चिकटणारं. सून म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, नको. शुद्धलेखन हवं तर तपास, पण लिहिणार मी. कारण बाईंबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ मिळतील, शिकलेले मिळतील. मला जे लिहायचं आहे ते दुसऱ्या कुणाला माहीतच नाही. बाईंनी आमच्या जमिनीचा जो नकाशा केला त्यात एक चूक आहे. ती चूक बाईंची नाही, माझी आहे. ती मी जाणूनबुजून केली, आणि त्या जिवंत असताना त्यांना सांगितली नाही. आज सांगतो आहे, तेही परक्या लोकांना, वर्तमानपत्रात. जिला सांगायचं तिला सांगायचं राहून गेलं.

आग्नेसबाई आमच्याच बाजूच्या. खाडीच्या पलीकडे ख्रिस्तावांची वाडी आहे, तिथे त्यांचं माहेर. वडील शाळामास्तर, आई गोव्याची. बाई शिकून पुण्याला गेल्या, तिथे कॉलेजात शिकवायच्या, लग्न केलं नाही. त्यांचं काम जगावेगळं होतं. जमिनीच्या पोटात जुन्या काळचं काय गाडलेलं आहे ते शोधायचं, पण जमीन खणायची नाही. आमच्या भरडावर, म्हणजे जिथे पूर्वी नाचणी आणि कुळीथ पिकायचे त्या वरच्या जमिनीत, नांगराला जुनी खापरं लागायची. माझा बाप ती बांधावर टाकायचा. बाईंच्या वडिलांनी लहानपणी तिथून दोन खापरं उचलून घरात ठेवली होती, ती बघत बाई मोठ्या झाल्या. त्यांचं म्हणणं असं, की खाडी एके काळी पार आतपर्यंत होती, तिथे गलबतं लागायची, आणि भरडाखाली त्या वेळची वस्ती असणार. मालवणचा किल्ला बांधला त्याच्याही कितीतरी आधीची.

बाई आमच्या गावात पहिल्यांदा आल्या त्या देवळातल्या सभेत. आमच्याकडे मोजणी आली म्हणजे जमीन गेली, असं लोकांचं मत आहे, आणि ते उगाच झालेलं नाही. कुणी म्हणालं प्रकल्प येतोय, कुणी म्हणालं खाण येतेय. बाई उभ्या राहिल्या. साध्या सुती साडीतल्या, ठेंगण्या, आवाज मात्र खणखणीत. आमच्याच बोलीत म्हणाल्या की मी टोपलीभर माती सुद्धा उचलणार नाही, जमीन जशी आहे तशी ठेवून जाईन. तेव्हा मी मागून बोललो. चाळीस वर्षं मी चिरेखाणीत चिरा काढला आहे. पहार आपटून आवाजावरून सांगतो, खाली जांभा भरीव आहे की पोकळ. म्हटलं, न खणता खालचं बघायला तू काय देवी आहेस? सभा हसली. बाईही हसल्या. म्हणाल्या, "मगे आबानू, तुमचो कान आणि माजी पेटी. बघूया कोण खरा सांगता."

मला हे आवडलं. सगळ्या सभेसमोर मी उठलो आणि म्हटलं, "जमीन माजी आसा. खंयय दोरी टाक, तुका कोण अडवचो नाय." म्हणजे कुठेही मोज. माझा शब्द गावात मोडत नाही, मीही मोडत नाही. पुढे जे झालं ते या एका वाक्यातून झालं, म्हणून ते इथे जसंच्या तसं लिहिलं.

कामाच्या पहिल्या दिवशी मी भरडावरच्या राखणदाराला नारळ ठेवला. राखणदार म्हणजे आमच्या जमिनीचं रक्षण करणारा देव. वरच्या अंगाला करवंदीच्या जाळ्यांमागे जांभ्याचा चौथरा आहे, त्यावर एक उभा दगड. त्या चौथऱ्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या मातीत लोखंड लावायचं नाही, असं बापाने मला सांगितलेलं, त्याला त्याच्या बापाने. कुदळ नाही, नांगराचा फाळ नाही, काही नाही. मी गाऱ्हाणं घातलं, की ही पोर तुझ्या जमिनीत बघायला आली आहे, तिला सांभाळ, तिला यश दे. गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. सगळ्यांत मोठ्याने ते बाईंनी म्हटलं. गळ्यात क्रुसाची साखळी, हात जोडलेले. मी वळून बघितलं तर म्हणाल्या, माझी आजी पण म्हणायची, तिला चालत होतं, मला का चालू नये.

पहिलं यंत्र त्यांनी आणलं ते लोखंडाचा वास घेणारं. नळीसारखं, हातात धरून चालायचं. त्याच्याजवळ लोखंड असलेलं चालत नाही. बाईंनी केसांतल्या क्लिपा काढल्या, किल्ल्या काढल्या, क्रुसाची साखळी सुद्धा गाडीत ठेवली. मग माझ्याकडे वळल्या. "आबानू, कमरेचो कोयतो काडूक व्हयो." मी म्हटलं, हा कोयता माझ्या बापाच्या कमरेला होता, हा काढला तर मला नागडं केल्यासारखं वाटेल. त्यांनी दोन्ही हात जोडले. शेवटी आकडीसकट सोडून मी तो काजूच्या फांदीला अडकवला. दोन तास त्या नळी घेऊन उन्हात फिरल्या आणि तोंड वाकडं करून परत आल्या. आमचा जांभा तांबडा आहे तो त्याच्यातल्या लोखंडाने. यंत्राला सगळीकडे लोखंडच दिसत होतं. मी म्हटलं, "माजो कोयतो काडलंस, बाय. आता ह्या दगडाच्या पोटातलो कोयतो कोण काडतलो?" बाई हसत हसत तिथेच गवतात बसल्या. पुण्याच्या मोठ्या बाई, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या दिवसापासून मी त्यांना बाय म्हणायला लागलो, नुसतं बाय. लिहिताना बाई लिहितो आहे, ते लोकांसाठी.

मग दुसरी रीत. एका ओळीत पोलादाच्या सळ्या जमिनीत वीतभर रोवायच्या, त्यांना तारा जोडायच्या, तारा एका पेटीत. पेटीतून जमिनीत थोडीशी वीज सोडायची. ओल्या मातीतून वीज सहज जाते, दगड लागला की अडते. किती अडली त्याचा आकडा पेटीवर येतो. असे हजारो आकडे कागदावर मांडले की जिथे आकडा मोठा तिथे काळं, लहान तिथे फिकं, आणि जमिनीखालची भिंत कागदावर काळी उमटते. जमीन कोरडी असली की वीज जात नाही, म्हणून सळीच्या बुंध्याशी मिठाचं पाणी ओतायचं. पहिल्यांदा बाई तांब्याने सळ्यांना पाणी घालत निघाल्या तेव्हा माझ्या बायकोने लांबून विचारलं, ही कसली पूजा. तेव्हा बायको हयात होती. दुसऱ्या दिवसापासून मी खाडीचं पाणीच कॅनने आणायला लागलो. म्हटलं, एवढा दर्या बाजूला असताना मीठ कशाला विकत आणतेस.

ओळी सरळ याव्यात म्हणून ती दोरी. बाईंनी ती स्वतः केली होती, मीटरवर एक गाठ, गाठीला लाल धागा. वर एक खुंटा, खाली एक खुंटा, मध्ये दोरी ताणायची, गाठीगाठीला सळी. मग दोरी बाजूला एक मीटर सरकवायची आणि पुढची ओळ. खुंटे ठोकण्याचं काम बाईंनी मला दिलं. शिकलेले दोन जण बरोबर होते, त्यांना दिलं नाही. त्यांना म्हणाल्या, आबांनी आयुष्यभर चिरा काटकोनात काढला आहे, त्यांची नजर टेपपेक्षा खरी. रोज सकाळी त्या माझे खुंटे एकदा टेपने तपासायच्या. आठवड्याने तपासणं थांबवलं... मला त्याचा अभिमान वाटला होता. लिहिताना हात थांबतो तो इथे.

भिंत लागली. पहार आपटून मी जिथे सांगितली होती तिच्यापासून चार पावलांवर. मी म्हटलं माझं खरं, त्या म्हणाल्या पेटीचं खरं, शेवटी दोघांचं खरं असं ठरलं. काम शेवटाकडे आलं. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी नजरेने अंदाज घेतला आणि माझ्या लक्षात आलं की शेवटच्या सहा ओळींचे वरचे खुंटे राखणदाराच्या चौथऱ्यावर येतात. म्हणजे पोलादाची सळी राखणदाराच्या अंगात जाणार. बाईंना सांगायचं एवढंच होतं, की बाय, एवढी जागा सोड. पण सभेत मी म्हटलं होतं, खंयय दोरी टाक. आता मागे कसं यायचं? वाडीतले चार जण रोज बघायला यायचे. ते म्हणाले असते, सखाराम घाबरला. त्या रात्री मी राखणदाराचा विचार केला असं मला वाटत होतं. खरं तर त्या चौघांचाच केला.

दुसऱ्या दिवशी सहाही ओळींचे खुंटे मी सकाळीच ठोकून दाखवले, बरोबर जागी. दुपारी सगळे काजूखाली पेज जेवायला बसले. मी म्हटलं, मी आलोच. जाळ्यांमागे जाऊन वरचे सहा खुंटे उपटले आणि दोन गाठी खाली, चौथऱ्याच्या आणि त्याच्या मातीच्या बाहेर ठोकले. खालचे सहाही तेवढेच खाली नेले. जुनी भोकं पायाने बुजवली. करवंदीमुळे वरचे खुंटे एका रेषेत दिसत नव्हते, आणि तपासणार कोण होतं? मी हात धुऊन पेज जेवलो. बाईंनी मला लोणच्याची फोड वाढली. दुपारनंतर त्यांनी त्या सहा ओळी घेतल्या, सगळं माझ्या खुंट्यांवर विसंबून.

चार महिन्यांनी त्या नकाशा घेऊन आल्या. देवळात भिंतीवर लावला. रंगीत, मोठा. गाव बघायला लोटलं. आणि खरोखर, माती न उचलता बाईंनी खालचं आणून वर ठेवलं होतं. खोल्या दिसत होत्या, विहिरीसारखा गोल दिसत होता, आणि खाडीच्या अंगाला एक लांब जाड भिंत, आखल्यासारखी सरळ. फक्त शेवटी, उजव्या टोकाला, ती एकदम दोन गाठी वर उडी मारत होती आणि मग पुन्हा सरळ. मला बघताक्षणी कळलं, खुंटे मी दोन गाठी खाली नेले होते म्हणून कागदावर भिंत तेवढीच वर चढली होती. बाईंना कळत नव्हतं. त्यांनी बोट त्या उडीवर ठेवलं आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "आबानू, तुमी सांगा. हंय भिंत कशाक वळली?"

तेव्हा सांगता आलं असतं. त्या रागावल्या असत्या, एक दिवस जास्त काम पडलं असतं, संपलं असतं. पण सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि विचारणारी बाई पुण्याची. मी मान ताठ केली. म्हटलं, "थंय मोठा झाड आसतला. जुने गवंडी झाडाक हात लावीत नसत. भिंत वळयत." बोलताना मलाच ते इतकं खरं वाटलं, की मी त्या झाडाची जात सुद्धा सांगणार होतो. बाईंनी वही काढली आणि लिहून घेतलं. लिहिताना मान हलवत होत्या, जसा विद्यार्थी हलवतो.

पुढच्या वर्षी खारेपाटणच्या बाजूला एका बागेत त्यांचं काम होतं. खुंट्यांसाठी मलाच नेलं. बागेच्या एका कोपऱ्यात दोरी गेली तेव्हा घरातली म्हातारी धावत आली. तिचं तान्हं पोर त्या कोपऱ्यात पुरलेलं, पन्नास वर्षांपूर्वी. ती एवढंच म्हणाली, तिथे नको. बाईंनी एक शब्द विचारला नाही. दोरी गुंडाळली, चार ओळींची जागा सोडली आणि पुढे सुरू केलं. रात्रीच्या एसटीने परत येताना मी विचारलं, नकाशात आता त्या जागी काय दाखवणार? म्हणाल्या, काही नाही, पांढरं. म्हटलं, मग नकाशा अर्धवट नाही का? त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "कोरो नकासो खोटो नसता, आबानू. कोरो म्हणजे, माका म्हायती नाय, इतक्याच."

मी कणकवलीपर्यंत डोळे मिटून बसलो. बाईंना वाटलं, मला झोप लागली.

म्हणजे मी नुसतं बोललो असतो तरी त्यांनी राखणदाराची जागा सोडली असती. हसत सोडली असती. हे कळल्यावर तरी सांगायला हवं होतं, पण तोवर आमच्या भरडावर बाईंनी लिहिलेलं पुस्तक छापायला गेलं होतं. ते आलं, आणि त्यात माझं नाव आलं. गावातील अनुभवी चिरेकरी सखाराम राघो यांच्या मते, असं, आणि पुढे ते झाड. माझं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे छापलेलं मी बघितलं नव्हतं. सुनेने पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर घातलं. मसुऱ्याच्या सोयऱ्यांना दाखवलं. ओरोसला कचेरीत एका कामाला गेलो तेव्हा पिशवीतून नेलं आणि तिथल्या कारकुनाला ते पान उघडून दिलं. तो उभा राहिला, बसा म्हणाला. एवढा मान मला कोणी दिला नव्हता. त्या खुर्चीत बसताना टोचलं, नाही असं नाही. पण बसलो.

बाई त्यानंतरही वर्षातून दोनदा यायच्या. काम नसलं तरी. खळ्यात बसून सोलकढी पिणार, बायको गेली तेव्हा येऊन तीन दिवस राहिल्या, सुनेला स्वयंपाकात हात लावू दिला नाही. एकदा आल्या, पण सोलकढीला हात लावला नाही. कुठल्याशा मोठ्या सभेत त्यांनी आमचा नकाशा दाखवला होता. तिथे एका मोठ्या विद्वानाने सगळ्यांसमोर सांगितलं, की हे वळण जमिनीत नाही, तुमच्या दोरीत आहे, माप चुकलं आहे, विद्यार्थ्यांच्या चुका तुम्ही करायला लागलात. बाईंची तीस वर्षं मापात गेली होती. त्यांनी उत्तर दिलं, की आमच्या चिरेकऱ्यावर माझा विश्वास आहे, तिथे झाड होतं. मला हे सांगताना त्या हसायचा प्रयत्न करत होत्या. "तुमच्या झाडाक सभेत मार पडलो, आबानू. पण मी काय तेका तोडूक दिलंय नाय."

मी उठून गुरांना पेंढा घालायला गेलो. गुरांना पेंढा घातलेलाच होता.

शेवटच्या वेळी त्या आल्या ते यंदा, आंगणेवाडीच्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात. डोक्याला रुमाल बांधलेला, हात काटक्यांसारखे. आजाराचं नाव त्यांनी घेतलं नाही, मी विचारलं नाही. गाडीतून उतरून पडवीत यायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. पिशवीतून दोरी काढली आणि मांडीवर ठेवली. एकेक गाठ बोटांनी चाचपत होत्या, जपमाळ ओढावी तशा. म्हणाल्या, बाकी सगळ्या नकाशांबद्दल मन शांत आहे, या एकाबद्दल नाही, तो माणूस म्हणाला ते डोक्यातून जात नाही. "ह्यो शेवटच्यो सा ओळी माका एकदा परत घेवच्यो आसत, आबानू. माप माजा चुकला काय, इतक्याच बघूचा आसा. मगे बरा वाटतला."

त्यांना दुसरं काही नको होतं. आपला हात चुकला नाही, एवढं जाताना कळायला हवं होतं. आणि ते सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, तो समोर बसून सुपारी कातरत होता. मी म्हटलं, "आता नको. जमीन सुकी आसा. जत्रा जावंदे, मगे बघया." त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, बरं, दोरी इथेच राहू दे, माझी जागा धरून. त्यांनी स्वतः उठून ती खुंटीला लावली. खुंटी उंच होती, हात पुरत नव्हता, पण मला उठू दिलं नाही.

जत्रा गेली. बाई गोव्याला हॉस्पिटलात गेल्याचं कळलं. मी रोज सुनेला म्हणायचो, आज फोन लाव, आणि ती फोन घेऊन आली की म्हणायचो, राहू दे, उद्या... मग तो फोन आला, तिकडून.

त्यांना पुरलं ते माहेरच्या वाडीत, इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, मागे. मी होडीने गेलो. खड्डा जांभ्यात काढलेला होता, कोपरे नीट काटकोनात. माझी नजर तेच बघत होती, चांगल्या हाताने काढला आहे. जिने आयुष्यभर जमिनीला ओरखडा काढला नाही, तिच्यासाठी एवढी जमीन कापली होती. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. मी मूठ उघडली नाही. तशीच मिटून होडीत बसलो, आणि खाडीच्या मध्यावर पाण्यात हात धुतला. माती टाकायचा हक्क आपल्याला नाही असं वाटलं.

नवव्या दिवशी मी सुनेकडून शलाकाला फोन लावून घेतला. बाईंच्या हाताखाली आकडे लिहायची ती, आता स्वतः शिकवते. म्हटलं, पेटी घेऊन ये, आणि बाकी आल्यावर बोलतो. दोन दिवसांनी ती आली. खळ्यात बसवून मी सगळं सांगितलं, आता लिहिलं तसंच. सून दारात उभी होती, तिलाही तेव्हाच कळलं. शलाकाने पेटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "त्या झाडासाठी मॅडमनी किती ऐकून घेतलं, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"तरी?"

"तरी."

ती उठून फाटकापर्यंत गेली. वाटलं, ही आता जाणार. फाटकाला हात लावून उभी राहिली आणि परत आली. "दोरी कुठे आहे?" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत आम्ही भरडावर गेलो. मी नारळ घेतला. राखणदारासमोर उभा राहिलो आणि गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं, तर नेहमीचे शब्द येईनात. शेवटी जे आलं ते असं. "बा म्हाराजा, तुज्यासाठी केलंय असा मी स्वताक सांगत इलंय. ता पण खोटा. मी माज्या नाकासाठी केलंय. त्या चेडवाचा, आमच्या बायचा, माप बरोबर होता. आता ता बरोबर होवंदे." थांबलो. "व्हय म्हाराजा" म्हणायला कुणी नव्हतं. शलाकाला ठाऊक नव्हतं कधी म्हणायचं ते. त्या जागी बाईंचा आवाज असायचा, सगळ्यांच्या वर... मग मागून सुनेने म्हटलं. हळू, पण म्हटलं.

खुंटे मी ठोकले. शलाकाने एकूण एक टेपने तपासले, आणि मी तिला तपासू दिले. वरचे सहा खुंटे चौथऱ्यावर येत होते, ते मी जमिनीत घातले नाहीत, नुसते टेकवून सुनेने हाताने धरले. लाकडाचेच होते, तरीही. वरच्या दोन गाठींना सळी लावायची नाही, असं मी शलाकाला सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं, सरळ तोंडाने. ती म्हणाली, ठीक आहे, कोरं ठेवू. एवढं सोपं होतं ते.

जमीन सुकी होती, खाडीचे पाच कॅन पाणी लागलं. शलाका पेटीवरचा आकडा मोठ्याने वाचायची आणि लिहायची. मी गाठी मोजत होतो. बाकीच्या सगळ्या ओळींत भिंत चौदाव्या गाठीवर होती, हे मला पाठ होतं. पहिल्या ओळीला बाराव्या गाठीवर आकडा साधाच आला. तेराव्याला साधा. चौदाव्याला एकदम चढला. दुसरी ओळ, चौदावी गाठ. तिसरी, चौदावी. चौथ्या ओळीला शलाकाचा आवाज बदलला, पाचव्याला ती नाक पुसत वाचत होती. सहावी, चौदावी. ना कसलं वळण, ना झाड. जाड, सरळ भिंत, ज्याने बांधली त्याने दोरी लावून बांधलेली, आणि ज्या बाईने मापली तिनेही.

शलाका म्हणाली, दुरुस्ती छापावी लागेल, तुमचं नाव काढून टाकू. मी म्हटलं, काढू नको. लिही, की खुंटे सखाराम राघो याने हलवले होते, बाईंचं माप बरोबर होतं. त्या सभेत बोललेल्या विद्वानालाही पाठव. माप चुकलं म्हणाला ते खरं, कुणाचं ते त्याला कळू दे. सुनेला म्हटलं, पुस्तकाचं कव्हर काढ, आता ते जपून ठेवायचं कारण नाही. तिने काढलं नाही. म्हणाली, बाईंचं पुस्तक आहे.

आता नवा नकाशा पडवीत चिकटवलेला आहे. वरच्या टोकाला राखणदाराची जागा पांढरी, दोन गाठी लांब आणि सहा ओळी रुंद. खाली भिंत. येणारे जाणारे विचारतात, हे पांढरं काय? मी सांगतो, ते आम्हाला माहीत नाही. बाजूच्या खुंटीला दोरी आहे. काम झाल्यावर शलाका ती मलाच देऊन गेली. लोकर बरीच झिजली आहे, काही गाठींचा लाल रंग बोटांनी चाचपून चाचपून उडाला आहे. धुऊ नका, असं मी सुनेला सांगून ठेवलं आहे. खाडीच्या पाण्याने ती मिठाने ताठ झाली आहे, हात लावला की करकरते. सकाळी चहा घेऊन मी पडवीत येतो, दोरी खुंटीवरून काढतो आणि वरून मोजत जातो. चौदाव्या गाठीवर अंगठा थांबतो. तिथे मी रोज एवढंच म्हणतो, ऐकायला कोणी नसलं तरी.

भिंत सरळ आसा, बाय.